पावलूनं मागवलेला शेवटचा बॉक्स सेट

पावलू गेल्याचा फोन आला तेव्हा मी शांतीनगरमध्ये भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून हुज्जत घालत होतो. जुडी अर्धी पिवळी, आणि हा पठ्ठ्या मला सांगतोय, "अंकल, ऊपर से देखो ना." तेवढ्यात फिलूचा फोन. फिलू म्हणजे फिलोमिना, पावलूची बायको. "सदाभाऊ, गेला तो," एवढंच म्हणाली, आणि फोन तसाच चालू राहिला. मागे बायकांचं रडणं ऐकू येत होतं. मी काय बोललो ते मला आठवत नाही. भाजीवाल्यानं माझ्या हातातली जुडी काढून घेतली, ताजी बघून पिशवीत टाकली आणि मला स्वतःच्या स्टुलावर बसवलं. हे होणार हे आम्हाला कळलेलं होतं. मनाची तयारी करा, मनाची तयारी करा, असं जो तो सांगत होता... ती कशी करतात ते काही कुणी सांगितलं नाही.

पावलू उत्तनजवळच्या तारोडी गावचा, मी खारीगावातला. भाईंदर पूर्वेला एका खोक्यांच्या कारखान्यात आम्ही उभी हयात काढली. मिठाईची खोकी, औषधांची, साड्यांची, बुटांची. मी कटिंगला, तो डिस्पॅचला. मी भांडकुदळ, तो गोड बोलून स्वतःचंच खरं करणारा, त्यामुळे आमचं जमलं. त्याचा मामा बोटीवर होता, तो येताना परदेशी रेकॉर्ड घेऊन यायचा. त्यातल्या एका रॉक गायकानं पावलूला शाळेत असतानाच झपाटलं ते कायमचं. गायकाचं नाव मी लिहीत नाही. त्याचे भक्त फार तापट असतात, लगेच भांडायला येतील, आणि ज्याच्याशी भांडावं असं मला वाटायचं तो आता तारोडीला नाही. गायक स्वतः कधीच वारला. पण मेल्यावर त्याचे जेवढे बॉक्स सेट निघाले तेवढ्या जिवंतपणी त्यानं रेकॉर्ड काढल्या नसतील.

बॉक्स सेट म्हणजे काय ते सांगतो, कारण माझ्या बायकोलाही ते अजून पटलेलं नाही. गायकाची जुनीच गाणी, त्या गाण्यांचे त्यानं नापास करून बाजूला टाकलेले नमुने, फोटोंचं जाडजूड पुस्तक, एखादं पोस्टर, जुन्या कार्यक्रमाच्या तिकिटाची नक्कल, असं सगळं एका भारी खोक्यात घालून भारी किमतीला विकायचं. असा नवा सेट जाहीर झाला की पावलू मला रविवारी तारोडीला बोलवायचा. तो चर्चमधली मिस्सा आटोपून यायचा, मी उत्तनची बस पकडून. मग माडीवरच्या त्याच्या खोलीत मुलगी बघायला बसावं तसे आम्ही बसायचो. तो गाण्यांची बाजू मांडायचा, मी खोक्याची. पुठ्ठा किती जाड, आत नुसता पोकळ आहे की भरीव, लॅमिनेशन कोपऱ्यावर फाटेल का, हे मी फोटोवरूनही ओळखायचो. पहिला प्रश्न माझा ठरलेला, "खोकं कसलं आहे?" आणि निकालही ठरलेला, "नको घेऊस, लूट आहे." मग तो हसत हसत घ्यायचा. कधीकधी नाही घ्यायचा. पण माझं 'नको' ऐकल्याशिवाय त्यानं एकही घेतला नाही. खाली फिलू बोंबील तळत असायची. तिचं मत विचारलं तर ती म्हणायची, आधीच एवढा ओरडतो तो माणूस, त्याला अजून विकत कशाला आणता?

माझा खरा आक्षेप पैशांवर नव्हताच. मला चीड यायची ती त्या नापास गाण्यांची. ज्या गाण्यात सूर चुकला, शब्द विसरला, मधेच थांबला, ते गायकानं स्वतः टाकून दिलेलं. तो जिवंत असता तर त्यानं हा माल बाहेर जाऊ दिला असता का? मग त्याच्या माघारी त्याच्या केराच्या टोपलीत हात घालणारे हे कोण, आणि ते विकत घेणारे आपण कोण? आमच्या कारखान्यात चुकीचं कापलेलं खोकं रद्दीत जायचं, त्याला कोणी सोनेरी कागद लावून विकत नव्हतं. यावर पावलू नुसता म्हणायचा, "तू ऐक तर." मी ऐकायचो, आणि मला तीच चूक ऐकू यायची.

गेल्या वर्षी त्याचं पोट दुखायला लागलं. आधी पित्त म्हणून औषधं घेतली, मग वजन उतरायला लागलं, मग तपासण्या. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, आणि तोही पसरलेला. डॉक्टरांनी फिलूला आणि मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, काही महिने समजा. पावलू बाहेर बाकड्यावर बसून शेजारच्या पेशंटशी गप्पा मारत होता. पावलू-फिलूला मूलबाळ नाही. केबिनच्या दारातच फिलूनं माझं मनगट धरलं आणि त्याला सांगायचं नाही असं माझ्याकडून कबूल करून घेतलं. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? तिची बोटं किती गार होती, मला अजून जाणवतात.

त्यानंतर काही आठवड्यांनी एका रविवारी पावलूनं मला माडीवर बोलावलं. नवा सेट जाहीर झाला होता, आतापर्यंतचा सगळ्यात मोठा, पण तो हातात पडायला अजून बरेच महिने होते. तो उशीला टेकून मोबाइलवरून वाचून दाखवत होता... अमुक तबकड्या, तमुक पुस्तक, कधीच बाहेर न आलेले नमुने. बोलताना दम लागत होता, तरी डोळे लकाकत होते. मी त्याच्या हातांकडे बघत होतो. घड्याळ मनगटावरून पार कोपराकडे घसरत होतं. माझ्या डोक्यात एकच चाललेलं, हे खोकं येईल तेव्हा हा असेल का? आणि मी म्हणालो, "घे रे. मस्त आहे. घेऊन टाक."

पावलूनं चष्मा काढला. माझ्याकडे बघत राहिला.

"खोकं कसलं हाय, विचारलं न्हायस तू," तो म्हणाला. आणि चष्मा पुसता पुसता, "किती दिवस सांगितलेत रे डॉक्टरनं?"

मी हॉस्पिटलात काही बोललो नव्हतो. त्याच्या घरी जाऊन बसायचो तेव्हा चेहरा सांभाळायचो, विनोद करायचो, बिलं भरायला मीच पुढे व्हायचो. सगळं नीट निभावलं आणि एका 'घे रे'नं सगळं उघडं पडलं. मला खोटं बोलता आलं नाही. मी रडायला लागलो, ते बघून तोच माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागला, म्हणजे बघा. फिलू जेवायला हाक मारायला जिन्यात आली होती, ती तिथेच पायरीवर बसली. आम्ही तिघं किती वेळ तसे होतो कोण जाणे. मग पावलूच म्हणाला की गेले कित्येक दिवस घरात सगळे त्याच्या हो ला हो करतायत, मासा खारट झाला तरी कोणी बोलत नाही, त्याला आधीच भूत झाल्यासारखं वाटतंय. "तू तरी भांड ना," असं त्यानं मला अगदी विनवून सांगितलं. म्हणून मी डोळे पुसले आणि भांडलो. तो सेट किती भिकार आहे, ती तिकिटाची नक्कल म्हणजे कसा पोरखेळ आहे, पुठ्ठा कसा पातळ असणार, सगळं काढलं. तो पोट धरून हसला. त्या दिवशी तो पोटभर जेवलासुद्धा.

सेट त्यानं मागवलाच. पण पत्ता माझा दिला, खारीगावचा, आणि नावही माझंच घातलं. मी विचारलं, असं का? तो खाली फिलूला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "पार्सलवाला दारात येऊन माझ्या नावानं हाक मारंल. तिला एकटीला ते ऐकायला नको." मी तो इथे माडीवर आणून ऐकावा, निकाल द्यावा आणि मग तिच्याकडेच ठेवावा, एवढंच त्याचं म्हणणं होतं. निकाल मात्र खरा दे, असं त्यानं बजावलं.

त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही. शेवटी शेवटी गुंगीतच असायचा. मातीला सगळं तारोडी आणि अर्धा कारखाना लोटला होता. मूठभर माती टाकताना माझा हात उघडेना, मागच्या माणसाला थांबावं लागलं. महिन्याची मिस्सा झाली आणि त्याच आठवड्यात पार्सल आलं. पार्सलवाल्यानं खालून माझ्या नावानं हाक मारली, आणि मला पावलू काय म्हणाला होता ते त्या हाकेत कळलं. माझंच नाव होतं, तरी दुसरी हाक येईपर्यंत मी जिन्यातच थांबलो.

रविवारी मी ते खोकं उत्तनच्या बसमध्ये मांडीवर घेऊन गेलो. फिलू मला माडीवर घेऊन गेली आणि ह्यावेळी खाली गेली नाही. पलंगाच्या कडेवर पदर सावरून बसली. मी खोकं तपासलं. पुठ्ठा भरीव, कोपरे स्वच्छ दुमडलेले, झाकण जरा घट्ट... पण काम चोख, मला नावं ठेवायला जागा नव्हती. मग एकेक तबकडी लावली. जुनी गाणी घासूनपुसून पुन्हा दिलेली. एकच गाणं चार तऱ्हांनी, चारही तऱ्हा सारख्याच. त्यानंतर तो नापास माल. एका गाण्यात तो सुरुवात करतो, दुसऱ्याच ओळीला अडखळतो, थांबतो, कुणाकडे तरी पाणी मागतो. ग्लास ठेवल्याचा आवाज येतो. तो घसा साफ करतो, हलकंसं हसतो आणि पुन्हा सुरू करतो.

मी मशीन बंद केलं. खरा निकाल द्यायचा होता. "फिलू, नव्हता घ्यायला पाहिजे त्यानं," मी म्हणालो. "सगळं जुनंच आहे. नवीन म्हणून जे दिलंय ते अर्धवट."

तिनं मशीनकडे बोट दाखवलं. म्हणाली, "परत लावा."

"कुठलं गाणं?"

"गाणं नको. तो पाणी मागतो ते."

मी तिच्याकडे बघितलं. ती खाली बघत सांगत होती. तिनं पावलूचा मोबाइल सगळा धुंडाळला होता. फोटो ढीगभर, पण आवाज कुठेच नाही, कारण तो सगळं टाइप करायचा. लग्नाच्या कॅसेटची सीडी करून घेतलेली, ती काढून बघितली. तीत तो हसतोय, बोलतोय, तिच्या कानात काहीतरी सांगतोय, आणि व्हिडिओवाल्यानं त्या सगळ्यावर सिनेमाची गाणी टाकलीत.

"काय बोलला होता तेपण मला आठवत न्हाय, सदाभाऊ," ती म्हणाली. "पावलूचं असं नुसतं पाणी मागितलेलं कोणी विकत असेल ना... कितीला पण द्या म्हणावं. मी घेते."

मी तबकडी मागे नेली आणि तेवढंच पुन्हा लावलं.