आप्पांच्या गाडीचे आठ मैल

भुताखेतांचा विषय निघाला की मी उठून कॉफी टाकायला जाते. आयुष्यभर फिजिक्स शिकवलंय, असल्या गोष्टींना मी भीक घालत नाही. तरीही हे लिहितेय... आम्ही तंजावरचे मराठी. घरात मराठी बोलायचो, पण ही लिपी मी लग्नानंतर पुण्यात शिकले. तेव्हा चुका पोटात घाला.

नव्वदीनंतरची गोष्ट. गल्लीत एसटीडी बूथ आला होता, शेजाऱ्यांनी मारुती घेतली होती, आणि माझे वडील — आप्पा — त्यांची जुनी विलायती गाडीच धरून बसले होते. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत ती जेमतेम वळायची. आप्पांचं हृदय थकलं होतं, म्हणून मी रजा टाकून माहेरी गेले. डॉक्टर म्हणाले, आता त्यांना हवं ते करू द्या.

त्यांना एकच हवं होतं. तिरुवैयारूला, ज्या घाटावर ते पोहायला शिकले तिथे, एकदा कावेरीत पाय सोडून बसायचं. आठ मैल फक्त, पण स्वतःच्या गाडीतून. आणि गाडीचा मैल मोजणारा मीटर बिघडलेला — कधी कमी दाखवायचा, कधी अडकायचा. जन्मभर सर्वे खात्यात जमीन मोजलेला माणूस! खोटं मोजणाऱ्या गाडीत बसणार नाही म्हणाले. टॅक्सी आणते म्हटलं तर भिंतीकडे तोंड फिरवलं. मला रडूही येत होतं आणि रागही.

मग काय, स्क्रूड्रायव्हर मीच घेतला. तो धरायला त्यांनीच शिकवलं होतं. मीटर बाहेर काढला तर आतल्या एका चक्राचे दात झिजलेले. तिरुचीच्या जुन्या बाजारात तसं चक्र मिळेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला. आप्पा रोज विचारायचे, झालं का गं? आणि रोज त्यांचा आवाज बारीक होत होता. अखेर एका संध्याकाळी चक्र बसवलं, सगळे आकडे शून्यावर आणले आणि त्यांना दाखवलं. "उद्या जाऊ," मी म्हटलं.

उद्या आयुधपूजा, म्हणजे पुण्याकडची खंडेनवमी, आहे हे मी साफ विसरले होते. सकाळी बघते तर अम्माने, माझ्या आईने, पूजा मांडलेली... वीणा, कात्री, आप्पांची मोजणीची साखळी, आणि मधोमध काचेवर कुंकू लावलेला मीटर. पूजेत ठेवलेल्या वस्तूला दुसऱ्या दिवशीच्या पूजेपर्यंत हात लावायचा नाही. मी अम्माच्या पायाशी बसून विनवलं. ती तमिळ लाडाने म्हणाली, "त्यांच्याचसाठी साकडं घातलंय, कण्णा. आज उचलू नको." आप्पांनीही मान हलवली, नियम म्हणजे नियम. दोघांपुढे माझं काही चालेना.

दुपारी आप्पा झोपले. उठले ते हसत.

"पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत चढलंय," म्हणाले. "गार आहे."

मी त्यांचे पाय चाचपले. गारच होते, पण ते कशामुळे हे मला कळत होतं. दिवेलागणीला आप्पा गेले.

अस्थी त्याच घाटावर न्यायच्या दिवशी मी हट्टाने मीटर गाडीत बसवायला घेतला. कबूल केलं होतं ना! सुतकामुळे पूजेतलं कुणी काही हलवलं नव्हतं. काचेवरचं कुंकू जसंच्या तसं, आणि आत शून्याच्या जागी आठ. आकडे लावताना माझंच चुकलं असेल म्हणून मी चरफडले. पण शून्यं तर आप्पांनीही पाहिली होती...

चुलतभाऊ अस्थी मांडीवर घेऊन मागे बसला, गाडी मी चालवली. अख्ख्या वाटेत मीटर हलला नाही. शेवटची एक गोष्ट करायची होती, तीही मला धड जमली नाही, या विचाराने मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. मग उतरून घाटावर गेलो. पाणी तिसऱ्या पायरीला लागलं होतं.

परतीला, कुणी बोटही न लावता, मीटर सुरू झाला. एकेक मैल, अगदी बरोबर. दारात पोचलो तेव्हा सोळा.

जाताना मीटरची केबल अडकली असेल, असं मी वर्गात सांगितलं असतं. पण गाडीबाहेर, पूजेत पडलेल्या मीटरमध्ये आठ कुठून आले? अम्माला सगळं सांगितलं. तिला जराही नवल वाटलं नाही.

"त्यांचं जाणं आधीच झालं होतं गं," ती म्हणाली. "तुझं परत येणं तेवढं मोजायचं राहिलं होतं."

याहून बरं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.