जावईबापूंच्या गाडीचं ऑइल सील

दोस्तांनो, आज दुपारी मेधाचे बाबा गॅरेजात येऊन म्हणाले, "मेधाचं लग्न ठरलंय. गाडी नीट कर हां, जावईबापूंना द्यायचीय," आणि माझं सगळंच बदललं.

कॉलेज सोडून मुलुंडच्या या गॅरेजात लागलो. मेधाच्या बाबांची जुनी मोटरसायकल महिनाभर मीच जीव लावून खोलून जोडत होतो. इंजिन सुरू झालं की त्यांच्याकडे मेधाचा हात मागणार होतो.

इंजिनातल्या क्रँकचं नवं बेअरिंग सकाळीच बसवलं होतं. बाबा गेल्यावर उरलेलं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारं रबरी कडं, रागात हातोडीने ठोकलं. ते वाकडं बसलं. किक मारताच तेल गळून मागच्या चाकावर आलं.

गॅरेजचे मिस्त्री ओरडले, "डोकं गरम तर हातोडी खाली ठेव ना! चाक घसरलं म्हणजे?"

घसरू दे, म्हणणार होतो. पण मागे मेधा बसणार ना यार.

परत सगळं खोललं. दुसरं सील लाकडी ठोकळ्याने हळूहळू सरळ बसवलं. एक थेंब गळला नाही.

संध्याकाळी गाडी त्यांच्या घरी नेली. "झकास रे! चहा घे," बाबा म्हणाले. आतून मेधाचं हसणं ऐकू आलं.

सांगा, तेव्हा विचारायला हवं होतं का?

मी किल्ली टेबलावर ठेवली, बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.