‘बहुतेक’ खोडणारे आप्पा सर

मालगुंडचे आप्पा सर आम्हांला विज्ञान शिकवायचे. उत्तरात ‘बहुतेक’ लिहिलं की त्यावर लाल रेघ आणि हातावर छडी. विज्ञानात बहुतेक नसतं, म्हणायचे. माझ्या तळहाताला ते वाक्य अजून पाठ आहे.

पुढे मी गावातच रक्त तपासायची लॅब टाकली. सरांच्या बायकोची, लीलाकाकूंची, साखर मीच मोजायची. मे महिन्यात दोनशे ऐंशी. असणारच! घरची चाळीस कलमं, आणि काकू दोन्ही वेळा आमरस ओरपायच्या. गोळ्या चालू होत्या म्हणून तेवढ्यावर निभावलं.

जूनमध्ये आंबा संपला. त्याच आठवड्यात मंडणगडच्या पाहुण्याने सरांना कसलीशी मुळी आणून दिली. सरांनी काकूंना काढा सुरू केला. वहीत तारखा, चमच्याने माप, सगळं शिस्तीत. महिन्याने साखर एकशे साठ. सर वही घेऊन लॅबमध्ये आले, नवरदेवासारखे. म्हणाले, आता गोळ्या बंद.

मी भीतभीतच म्हटलं, “सर, बहुतेक आंबे संपले म्हणून उतरली असेल. पुढचा मे जाऊ दे, मग ठरवा.”

“दहावीला विज्ञानात किती पडले होते गो तुला, श्रद्धे?”

बाकावरचे पेशंट हसले. मी गप्प बसले. तिथे माझं चुकलं, हे मी कुणाला सांगत फिरत नाही.

काकू पुन्हा तपासायला आल्या नाहीत. सिद्ध झालेलं परत काय तपासायचं, असा सरांचा निरोप आला. वर अर्ध्या गावाला त्यांनी मुळी वाटली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, नि आमच्या विज्ञानाच्या मास्तरांनी कावळ्याला हार घातला.

पुढच्या मेमध्ये आंब्याच्या पेटीचा खिळा काकूंच्या तळव्यात घुसला. पाय आधीच बधिर, त्यांना कळलंही नाही. वास सुटला तेव्हा बघितलं. साखर चारशे बारा. रत्नागिरीला नेऊन डावा पाय गुडघ्याखाली कापला.

मी बघायला गेले. खोटं कशाला बोलू, सरांना दोन शब्द ऐकवायचे ठरवूनच गेले होते. काकू भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. सर खाटेशेजारी, मांडीवर तीच वही.

“उजवा वाचेल ना गो?” त्यांनी विचारलं.

“बहुतेक, सर.”

त्यांनी खिशातलं पेन काढलं, वहीत तारीख घातली आणि माझा शब्द जसाच्या तसा उतरवून घेतला. मला जराही दया आली नाही.

काकूंनी मान वळवली नाही. भिंतीकडे बघतच म्हणाल्या, “आता खोडा की.”