रात्रभर ठेवलेलं रिटर्न

दुरुस्त केलेलं घड्याळ रात्रभर चालवून बघितल्याशिवाय घड्याळवाले काका गिऱ्हाइकाला देत नसत. विक्रीकराचं रिटर्नही तसंच. ऑनलाइन फॉर्म भरून ते नुसता सेव्ह करत. सकाळी बघावं, तर ‘रिटर्न दाखल झालं’! रात्रीतून ते आपोआप जातं, ही त्यांची पक्की समजूत. दुकानात तोऱ्यात सांगत, “सहा वर्षं स्वतः भरतोय, कुणाच्या बापाची मदत नाही!”

यंदा बायको मुलीच्या बाळंतपणाला गेली आणि पाठोपाठ नोटीस आली: रिटर्न दाखल नाही. काकांनी वेबसाइटवर जुन्या रिटर्नांची यादी उघडली. प्रत्येक रिटर्न सकाळी सहाच्या सुमारास गेलेलं. तेव्हा तर ते फिरायला गेलेले असत!

त्यांनी बायकोला फोन लावला.

“अहो, आपोआप कसं जाईल? मीच पाठवायचे,” ती म्हणाली.

“सहा वर्षं? आणि मला सांगितलं नाहीस?”

“तुम्ही एवढ्या ऐटीत सांगायचात. कशाला हिरमोड करू?”

काकांनी हळूच विचारलं, “आकडे तरी बरोबर असायचे ना माझे?”

पलीकडे बराच वेळ फक्त बाळ रडत होतं.