उसाच्या उंचीवरून लावलेले फोटो

माझ्या कॉम्प्युटरच्या मते माझा सगळा संसार एकाच दिवशी झाला. एक जानेवारीला. धाकटीची दहावी, तिचंच लग्न, घराचा स्लॅब, सगळं एक जानेवारी. कॅमेरा घेताना दुकानदार म्हणाला होता, "तारीख लावून घ्या." मी म्हणालो, "तारीख मला माहीत आहे." झालं.

रिटायर झाल्यावर ठरवलं, हे अकरा हजार फोटो सालवार लावायचेच. तारखा खोट्या, म्हणून काय अडतंय? सगळी नोकरी मी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात, उसाच्या नोंदी करण्यात घालवली. लांबून ऊस बघून तो किती महिन्यांचा आहे ते सांगतो. आणि आमच्या सणसरला फोटोत माणसामागं ऊस नाही, असं सहसा होत नाही. कोणत्या साली कुठल्या रानात कधीची लागण होती, तेही तोंडपाठ. मग फोल्डर केले : गुडघ्याएवढा, कमरेएवढा, डोक्यावर, तुरा आलेला.

"पोरीच्या लग्नाचा फोटो आहे तो," बायको म्हणाली. "पोरीकडं बघा की. उसाकडं काय बघताय?"

तरी जमत होतं. ज्या फोटोत ऊसच नाही, त्यांचं काय करायचं एवढाच प्रश्न होता. स्क्रीनवर ते नखाएवढे दिसायचे, नुसते काळेभोर चौकोन. रिकामी रानं कशाला जपायची? सरळ उडवली. रिसायकल बिनसुद्धा रिकामा केला. कचरा साठवायची मला सवय नाही.

चार दिवसांनी सासरे आले. सुप्याचे. उमेदीत त्यांनी मेंढरं राखली, आता थोडी शेती आहे. बारामतीला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून ते थेट आमच्याकडं आले. डावा डोळा गेलेलाच होता, उजव्याचंही फार दिवस धरू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हे त्यांनी चहा पिता पिता सांगितलं आणि कप खाली ठेवला.

"जावयबापू, तुमच्या त्या डब्यात माझी घोडी असंल न्हवं? तुमच्या रानात मेंढरं बसवली व्हती, तवा तुमी फोटू काढला व्हता. येकदा बघायची हाय. दिसतंय तवर."

बिऱ्हाड पाठीवर घेऊन ती घोडी त्यांच्याबरोबर पंधरा वर्षं चालली होती. तिचा दुसरा फोटो कुणाकडंच नव्हता.

"आहे की मामा! आत्ता दाखवतो."

'डोक्यावर' बघितलं. 'कमरेएवढा' बघितलं. 'गुडघ्याएवढा' बघताना लक्षात आलं. खतासाठी रानात मेंढरं बसवतात ती कधी? ऊस मोडून, नांगरून रान मोकळं झाल्यावर. काळं रान, त्यात तपकिरी घोडी. मी तिला ढेकळं समजून उडवली होती.

"घावंना व्हय?" मामांनी विचारलं.

"कॉम्प्युटर जरा तापलाय."

"गार हुंद्या. मी हाय चार दिस."

स्वयंपाकघरात बायकोपुढं सगळं कबूल केलं. तिनं हातातली पोळी तव्यावर टाकली, उलटली, मग म्हणाली, "कॅमेरा भरला की इंदापूरच्या स्टुडिओतून सीड्या करून आणायचात. त्या कुठायत?"

मी नुसतं खिडकीबाहेर बघितलं. तिनंही बघितलं. डाळिंबाच्या बागेत दोऱ्याला बांधलेल्या बत्तीस सीड्या उन्हात चमकत होत्या. फोटो कॉम्प्युटरवर चढवल्यावर त्या मीच टांगल्या होत्या. अख्ख्या संसाराला मी पाखरं हाकायला लावलं होतं.

"धन्य आहात," ती म्हणाली आणि सीड्या उतरवून आणायला बुट्टी माझ्या हातात दिली.

सीड्यांवरचं लिहिलेलं उडून गेलं होतं. वर पाखरांची शिट आणि फवारणीचे डाग. साबणाच्या पाण्यात एकेक धुतली, जुन्या धोतरानं पुसली. मग मांडी ठोकून कॉम्प्युटरपुढं बसलो. शेवटची सीडी घालून होईपर्यंत उठायचं नाही. मामा शेजारी खुर्ची टाकून बसले.

सीडी आत गेली की कॉम्प्युटर कण्हायचा आणि बाहेर ढकलायचा.

"ही बी न्हाय?"

"नाही मामा."

"घाला दुसरी."

दहा झाल्या. पंधरा झाल्या. बायकोनं जेवायला दोनदा हाक मारली, दोघंही उठलो नाही. एकोणिसावी उघडली, पण अर्धवट. निम्मे फोटो नुसते करडे. मी एकेक खाली सरकवत गेलो. या खेपेला काळा चौकोन दिसला की मोठा करून बघत होतो. रान. रान. रान. मग कडेला पांढरी मेंढरं, आणि पुढं ती.

स्क्रीनभर केली. मामांनी खुर्ची पुढं ओढली, अजून ओढली, नाक काचेला लागायचं तेवढं राहिलं.

"कान बघा तिचं. मागं घेतल्यात."

"होय की."

"तुमी लई जवळ गेला असाल. रागावलीय तुमच्यावर."

"बरोबर आहे तिचं," मागून बायको म्हणाली.

मामा हसले. बोट काचेवर ठेवून त्यांनी कानापासून कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यापर्यंत सावकाश आणलं.

"अहो, डाळिंबावर पाखरं बसलीत," बायकोनं सांगितलं.

मी उठायला लागलो, तशी मामांनी मान न वळवता माझी बाही धरली.

"ह्ये बंद हुईल का, तुमी गेल्यावर?"

"नाही मामा," म्हणालो, आणि परत खाली बसलो.