रंगूबाई इथं राहत नाहीत

गोडोलीत आमच्या गल्लीत बातमी आली ती अशी, की क्षमावहिनींच्या भार्गवीनं कंपनीची वेबसाइट बुडवली आणि मालक आता तिला नारळ देणार.

यातला पहिला भाग साफ खोटा. वेबसाइट बुडाली नव्हती. ती परदेशात उघडत होती, वडूजच्या एसटी स्टँडवर उघडत होती, भार्गवीच्या मोबाइलवर तर हाक मारायच्या आत उघडत होती. उघडत नव्हती ती फक्त ज्या कंपनीची होती त्या कंपनीच्या ऑफिसात. नारळाचं मात्र खरं होतं. सोलून ठेवलेलाच होता म्हणा.

भार्गवी साताऱ्याच्या एमआयडीसीत कॉम्प्युटर सांभाळते. कारखाना ट्रॅक्टरचे सुटे भाग करतो. मालक लालासाहेब, मूळचे उसातले. त्यांनी कारखान्याला आईचं नाव दिलं, रंगूबाई. ट्रकवर रंगूबाई, डायरीवर रंगूबाई, वेबसाइटही रंगूबाई. भार्गवीनं ऑफिसात नवा सर्व्हर बसवला तेव्हा आतल्या नेटवर्कला काय नाव द्यायचं असा प्रश्न निघाला. तिनं सुचवलं, बाहेर वेबसाइटला जे आहे ते आत नको, थोडं वेगळं ठेवू. लालासाहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आईचं नाव घरात एक आन दारात एक, असं आमच्यात न्हाई." भार्गवीनं मान डोलावली. आयुष्यात एकदाच मुकाट्यानं मान डोलावली पोरीनं, आणि तिथंच फसली.

त्या दिवसापासून ऑफिसात वेबसाइट दिसेना. लोक तक्रार करायचे, ही स्वतःचा मोबाइल काढून दाखवायची, "चालू आहे की." मोबाइल चालायचा बाहेरच्या नेटवर, हे या हुशार बाईच्या ध्यानात येऊ नये म्हणजे कमाल. ते म्हणत बंद, ही म्हणे चालू, आणि दोघंही खरं बोलत होते. मग पुण्याची एक कॉम्प्युटर सांभाळणारी कंपनी आली. ती म्हणाली, सगळं आमच्याकडे द्या, इथं वेगळं माणूस कशाला. लालासाहेबांनी भार्गवीला केबिनमध्ये बोलावलं आणि 'मॅडम' म्हटलं. ते 'पोरी' म्हणतात तोवर सगळं ठीक असतं. संध्याकाळपर्यंत ऑफिसात वेबसाइट दिसली तर ठीक, नाहीतर उद्यापासून पुण्याचे लोक, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

भार्गवी घाबरली का? छे. ती आधी चहाला गेली. घाबरली की ती चहाला जाते, एवढंच. टपरी फाटकाला लागूनच, आणि फाटकावर त्या वेळी तमाशा चाललेला.

झालं होतं असं. रंगूबाईंची धाकटी बहीण बनुबाई हुलग्याचं पीठ घेऊन न सांगता वडूजहून आली. घर ठाऊक नाही, पण कारखान्यावर बहिणीचं नाव एवढं मोठं, म्हणून रिक्षा थेट फाटकावर. तिथं वॉचमन जोतीराम, फौजेतून निवृत्त, शिस्तीचा. बनुबाईंनी विचारलं, रंगूबाई आहेत का. जोतीराम म्हणाला, "ह्या नावाचं इथं कुनी न्हाई." आणि फाटक लावलं. रंगूबाई खरंच नव्हत्या. सहा महिन्यांपासून त्या सांगलीजवळ माधवनगरला लेकीकडे राहायला गेल्या होत्या. बनुबाईंनी मात्र भलताच अर्थ घेतला आणि रिक्षावाल्याच्या फोनवरून भाच्याला झापलं, "लाला, माझ्या भनीला कुटं न्हेऊन टाकलीस रं?"

लालासाहेब धावत खाली आले. मावशीला समजावलं आणि जोतीरामावर उखडले. वर बोर्डावर आईचं नाव, आणि खाली तू म्हणतोस कुणी नाही? म्हाईत नसेल तर बाहेर कुणाला तरी विचारायचं.

जोतीराम ताठ उभा. "साहेब, नाव आपल्याच कंपनीचं. मग मला म्हाईत न्हाई असं म्हनू कसं? आन दुसऱ्याला इचारू कशापायी? आत न्हाईत म्हंजे न्हाईत."

भार्गवीच्या हातातला चहा तसाच राहिला. डोक्यात ट्यूब पेटली. ती टपरीवरून उठली ती सरळ सर्व्हरच्या खोलीत, चहाचे पैसे द्यायचेही राहिले.

थोड्या वेळानं तिनं लालासाहेबांना कॉम्प्युटरपुढे बसवलं. पडद्यावर वेबसाइट, वेबसाइटवर कारखाना, कारखान्यावर रंगूबाई. साहेब बघतच राहिले. काय केलंस विचारल्यावर तिनं सांगितलं, की कुठलीही वेबसाइट उघडायची तर कॉम्प्युटर आधी आपल्या सर्व्हरला तिचा पत्ता विचारतो. दुसऱ्या कुणाची असली तर सर्व्हर बाहेर चौकशी करतो. पण रंगूबाई म्हटलं की त्याची छाती फुगते, नाव आपल्याच घरचं, बाहेर विचारायचं कारणच नाही. आत बघतो, आत वेबसाइट नसते, कारण ती ठेवलीय बाहेर, भाड्याच्या जागेत. मग तो सांगतो, इथं कुणी नाही.

"आपला सर्व्हर म्हणजे दुसरा जोतीराम आहे, साहेब. मी त्याला बाहेरचा पत्ता लिहून दिला. विचारलं की माधवनगरला पाठवायचं."

लालासाहेब मोठ्यानं हसले, आणि 'पोरी' म्हणाले. तेवढ्यावरून ऑफिसला कळलं, नारळ परत देवापुढे गेला. पुण्याच्या कंपनीला त्यांनी स्वतः फोन करून नको म्हणून सांगितलं. पण मालकच ते, शेवटचा शब्द घेतल्याशिवाय कसे उठतील? त्यांनी विचारलं, आता पुन्हा कधी असं होणार नाही ना, छातीवर हात ठेवून सांग.

भार्गवीनं छातीवर हात ठेवला नाही. तो चहाचे पैसे काढायला पर्समध्ये होता. ती म्हणाली, "आईंनी पुन्हा घर बदललं तर आधी फाटकावर सांगाल ना? तसंच वेबसाइटनं बदललं तर मला सांगा. तुमचे दोन्ही जोतीराम सांगितल्याशिवाय काही शिकत नाहीत, आणि दोघांनाही कामावर तुम्हीच ठेवलंय."