हळद लावलेलं आमिष

मला सातव्या महिन्यात ताज्या माशाचे डोहाळे लागले आणि माझा नवरा गळांचा अभ्यास करायला बसला. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यातली, आम्ही इंग्लंडमध्ये मेडनहेडला राहत होतो तेव्हाची ही गोष्ट. मी देवगडची, तो नागपूरचा. त्याच्या घरी अंड्याचं भांडंसुद्धा वेगळं, तेही बाल्कनीत ठेवलेलं. मासा त्याने कधी खाल्ला नव्हता आणि पुढेही खायचा विचार नव्हता. पण एकदा सुपरमार्केटमधला सॅमन तळताना मी म्हटलं, "याला समुद्राचा वासच नाही रे," आणि रडले. रडणं सॅमनमुळे नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं. बाबांची बायपास ठरली होती, त्यामुळे बाळंतपणाला आई येऊ शकणार नव्हती. आईला आणणं त्याच्या हातात नव्हतं. बाळ यायच्या आत निदान एक ताजा मासा बायकोच्या ताटात पडावा, एवढं त्याने मनावर घेतलं.

मनावर घेतलं, म्हणजे एक्सेल शीट उघडली.

दक्षिण किनाऱ्यावर सी बास मिळतो आणि त्याला सँडईल नावाचा वीतभर, चंदेरी, सडपातळ मासा आमिष म्हणून फार आवडतो, एवढं त्याला ऑफिसातल्या एका गोऱ्याने सांगितलं होतं. हे आमिष कुठल्या गळाला लावायचं, हा प्रश्न मात्र त्याने स्वतः ओढवून घेतला. बारीक तारेचा गळ घेतला तर सँडईल फाटत नाही, पण मोठा मासा तो सरळ करून निघून जातो. जाड तारेचा घेतला तर मासा सुटत नाही, पण मऊ सँडईल आधीच उसवते. रोज जेवताना हे ऐकून मला दोन्ही बाजूंबद्दल सारखीच सहानुभूती वाटू लागली.

"हे बघ," तो सांगायचा, "गळाच्या नंबरांत नुसता टू हा फोरपेक्षा मोठा असतो. पण टू-ओ हा फोर-ओपेक्षा लहान."

"मग घ्यायचा कुठला?"

"वेल, डिपेंड्स."

नमुन्याचे गळ ठेवायला त्याने माझ्या लोहाच्या गोळ्यांची, सात वारांची डबी पळवली. सोमवारी बारीक तारेचे, बुधवारी जाड, गुरुवारी आखूड दांडीचे, ते म्हणे अगदीच कुचकामी. गळ ठरेपर्यंत पोर शाळेत जायला लागेल, असं मी आईला फोनवर सांगितलं. शेवटी आठवा संपता संपता निकाल लागला. सोमवारचा, लांब दांडीचा, टू-ओ. तो सँडईलच्या तोंडातून आत घालायचा, कल्ल्यातून बाहेर काढायचा आणि टोक पोटाशी टोचायचं. त्याने पेनचं टोपण आणि काकडीवर मला हे दोनदा करून दाखवलं.

शुक्रवारी संध्याकाळी मी कामावरून आले तर फ्रीजमध्ये ताटलीत मासे! आमच्याकडच्या मुडदुशांसारखे, छान चकचकीत. तो घरी नव्हता. मला वाटलं, दमला बिचारा अभ्यासाला आणि सरळ विकत घेऊन आला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! दीड वर्षात असे मासे हाताला लागले नव्हते. सुरी कधी घेतली ते कळलंही नाही. डोकी उडवली, पोटं साफ केली, धुतले, मीठ, हळद, लिंबू लावून ठेवले.

गोऱ्याचा रॉड मागून आणायला गेलेला नवरा परत आला आणि ताटलीकडे बघतच राहिला.

"डोकी कुठे आहेत?"

"बिनमध्ये."

"अगं, गळ तोंडातून घालायचा असतो!"

मी हसत सुटले, तो हसला नाही. आमिषाचं दुकान बंद झालं होतं आणि पुढच्या शनिवारपर्यंत डॉक्टर मला एवढं फिरू देतील याची खात्री नव्हती.

तरी पहाटे आम्ही दक्षिण किनाऱ्यावरच्या डॉर्सेटला निघालो. गोट्यांच्या किनाऱ्यावर मी फोल्डिंग खुर्चीत, तो पाण्याशी. सोमवारचा गळ बिनडोक्याच्या सँडईलमध्ये ठरेना, दर फेकीला आमिष एकीकडे आणि गळ दुसरीकडे. अर्ध्या तासाने तो गोळ्यांची डबी मांडीवर घेऊन बसला. दोन महिन्यांची मेहनत माझ्या सुरीने वाया गेली होती आणि तो मला एका शब्दाने बोलला नव्हता, त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं. बाळाचं दुपटं शिवायला घेतलं होतं, त्याचा दोरा पर्समध्ये होता. मी गुरुवारचा कुचकामी गळ घेतला, सँडईलच्या पोटात बसवला आणि भरलं पापलेट बांधतात तसं वरून दोऱ्याने गुंडाळलं.

शेजारच्या म्हाताऱ्याने ते पिवळंधमक प्रकरण पाहून विचारलं, हे नवीन निघालंय का?

"येस," नवरा गंभीरपणे म्हणाला. "इंडियन."

आणि बास लागला. चांगला हातभर, पट्टीने मोजला तर कायद्याच्या किमान लांबीतही बसणारा. गोट्यांवर उड्या मारणाऱ्या त्या माशाकडे बघताना नवऱ्याचा चेहरा उतरला. गळाचं सगळं वाचलं होतं, पण मासा मारावा लागतो हे शीटमध्ये कुठेच नव्हतं.

"सोड त्याला," मी म्हटलं. मनापासून म्हटलं.

"नाही," तो म्हणाला. म्हाताऱ्याला विचारून घेतलं, त्याने सांगितलं तसा दगड उचलला आणि एकदाच, नीट मारला. मग बराच वेळ समुद्रात हात धूत बसला.

दुपारी घरी येऊन मी माशाचं तिखलं केलं. माझी बोटं सुजलेली, अंगठी कधीच काढून ठेवलेली. तुकडा हातात धरता येईना. त्याने माझं ताट स्वतःकडे ओढलं, चष्मा नाकावर नीट बसवला आणि ज्या हातांनी जन्मात मासा उष्टावला नव्हता त्या हातांनी एकेक काटा काढायला लागला. एवढा वेळ लागला की भात निवला. मग ताट माझ्यापुढे सरकवून म्हणाला, "चेक केलंय मी. खा."

हे काम आमच्या घरी आई करते. मी सगळं ताट संपवलं.